कांडीच्या जागी

सकाळी रक्षाने पेटीचं झाकण उघडलं आणि तशीच पोलिसांना फोन लावायला धावली.

आसगावच्या विठ्ठल मंदिराला लागून असलेली ही खोली गावाने विद्यापीठाच्या संशोधनासाठी दिली होती. जमिनीत खोल भोक पाडून काढलेल्या दगडाच्या गोल कांड्या इथे लांबट पेट्यांत ओळीने मांडलेल्या. खालच्या तापलेल्या कातळात दाबाने पाणी सोडायचं, चिरा उघडायच्या, आणि वर येणाऱ्या वाफेवर कोळशाशिवाय वीज करायची. खडक कसा फुटेल, ते या कांड्या सांगणार होत्या.

त्यातली वीतभर कांडी नव्हती. तिच्या जागी लाकडाचा एक तुकडा घट्ट बसवला होता.

फौजदार मारोतराव आले तेव्हा देवळापुढे माणसं जमली होती. जोडे काढून त्यांनी आधी विठोबाला हात जोडले. कीर्तन ऐकायला चार गावं फिरणारा माणूस. वीणा खुंटीला आहे ना, हेही बघून घेतलं.

खोली राखायचे ताराचंद.

"चाबी कोठी राहते?"

"तुळशीजवळच्या कोनाड्यात, साहेब. साऱ्या गावाले मालूम आहे."

"मंग कुलूप कायले लावता?"

"ढोरं शिरतात."

मागे कोणीतरी हसलं. ताराचंद हसले नाहीत.

"काल हरिपाठ झाला?"

"झाला. चिपळीची जोडी अधुरी होती. दुपारपासून एक दिसून नाही राहिली. रक्षाबाई लय शोधे, रोज तेच वाजवते ना. शेवटी टाळावर भागवलं."

मारोतरावांनी मान डोलावली आणि ते रक्षाकडे वळले. ती कारधा गावची, पीएचडी करणारी.

"त्या कांडीत होतं काय, बाई?"

"चीर होती. आतून गंजाच्या रंगाची. म्हणजे तिथून पाणी फिरतं. तलाव जवळच आहे, साहेब. दाब दिला तर चीर उघडेल, तलाव उतरूही शकतो. मग धानाला पाणी कुठलं?"

"फोटो?"

"आज काढणार होते."

"कोणाले सांगितलं?"

"काल सकाळीच सरांना. आणि ताराचंदकाकांना. काकांचा चेहराच उतरला."

तिचे मार्गदर्शक विनोदसर जवळच चहा पीत उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "माझा कुणावर आरोप नाही. पण तलावाला धक्का लागणार नाही, असा शब्द ताराचंदभाऊंनी गावाला दिला होता. माणूस अडचणीत सापडला की काय करेल, सांगता येत नाही."

माणसं ताराचंदांकडे बघू लागली. शिपाई त्यांच्याजवळ सरकला.

भोक पाडायला पहिल्यापासून विरोध होता तो गावातल्या अंकुशचा. मारोतरावांनी त्याला पुढे बोलावलं.

"म्या कायले चोरू?" अंकुश म्हणाला. "तो दगड मले भेटता तर बँड लावून मिरवला असता. मी हेच तर बोंबलून राहिलो होतो."

मारोतरावांनी पेटीतला लाकडाचा तुकडा ओढून काढला. काळपट, हातांनी गुळगुळीत झालेला, झांजा निखळलेल्या. बोट घालायची कडी तेवढी शिल्लक होती. त्यांनी तो मुठीत झाकला.

"सर, तपासायले कांडी काढली, तर पेटीत तिची जागा तशीच ठेवता?"

"नाही. ठोकळा बसवतो. नाहीतर बाकीच्या कांड्या सरकतात, कोणती किती खोलवरची ते कळत नाही." सर बोलून गेले, आणि कप ओठांपाशी थांबला.

"ताराचंद असो का अंकुश, त्याईनं कांडी उचलली असती आन् पळाले असते. जागा भरून काढायची सवय शिकलेल्या हाताची. असे हात इथं दोनच."

रक्षाने चमकून वर पाहिलं.

मारोतरावांनी मूठ उघडली. "हे हरवलेली चिपळी. माळकऱ्याच्या गावात इच्या झांजा उपटून कोनी पाचर करन काय? ज्या पोरीनं इच्यावर रोज हरिनाम म्हटलं, जे काल इलेच शोधे, ते करन? ज्याले हे निस्तं लाकूड दिसलं, त्याचं काम आहे. कांडी राहिली असती तर प्रकल्प थांबला असता. कोनाचा, सर?"

सरांनी खिशातून गाडीची किल्ली काढून दिली.

गाडीची डिक्की उघडली. कांडी शालीत गुंडाळलेली होती. भोक पाडायच्या दिवशी ताराचंदांनी याच देवळात सरांच्या खांद्यावर घातलेली शाल.

"रक्षा, तू तरी समजून घे. तुझी पीएचडीही यातच आहे."

"म्हणूनच कांडी पाहिल्याबरोबर तुमच्याकडे पळत आले होते, सर." मग तिने कांडी उचलून पेटीत बसवली, मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर चिरेचा फोटो घेतला.

सर ताराचंदांकडे वळले. "भाऊ, तुम्हाला अडकवायचा विचार नव्हता माझा."

ताराचंदांनी शाल झटकली, घडी घातली.

"शिपाई माह्याजवळ आला, तवा तुम्ही चहा पिऊन राहिले होते, सर," ते म्हणाले. "माह्याच घरचा."

मारोतरावांनी चाबी पुढे केली. ताराचंदांनी घेतली नाही.

"ते रक्षाबाईले द्या. मले निस्ती चिपळी द्या. संध्याकाळच्या आत झांजा बसवा लागते."