पाण्याच्या खोलीतली दुपार

साल २०११. मार्चचा दुसरा आठवडा, गुरुवार, दुपारचे पावणेचार.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं आणि हाकेच्या अंतरावर माणसं चहा पीत बसली होती. अशा वेळी काही होत नसतं, असं आपण धरून चालतो.

हे माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलं. ती थापा मारणारी नाही. लहानपणी चोरून साखर खाल्ली तरी स्वतःच येऊन सांगायची, तेही तोंड न पुसता. ही हकिकत तिने मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा तशीच, शब्दाला शब्द. फक्त एक गोष्ट तिने अगदी शेवटी सांगितली. मीही ती शेवटीच सांगते.

आधी थोडं मागचं.

आमच्या लहानपणी घरापासून जवळच सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना होता. त्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस, म्हणजे एका खनिजाचे बारीक तंतू, घालत. बाबा तिथे मशीनवर होते. साडेपाचला घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. आई त्यांना पुढच्या दाराने आत घेत नसे. मागच्या दारी बोलवायची, तिथेच कपडे उतरवायला लावायची आणि ते झटकायची. तीनदा हवेत, आणि चौथ्यांदा दाराच्या चौकटीवर.

फट्. फट्. फट्. ठक्.

झटकायच्या आधी रोज एकच हाक.

"मोठे, कडी लाव. धाकटीला बाहेर सोडू नकोस."

मोठी म्हणजे मी. धाकटी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी आतून कडी लावायचे, पाठ दाराला टेकवून उभी राहायचे, आणि ती माझ्या गुडघ्यांवर बुक्क्या मारायची. "ताई, उघड ना. मला ते पीठ उडताना बघायचंय."

आईला काही ठाऊक होतं अशातला भाग नाही. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलींचे धुतलेले फ्रॉक मळू नयेत, एवढंच तिच्या मनात असायचं.

बाबा ऐंशी वर्षं जगले. आई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. शेवटचे पाच महिने तिला आडवं होता येत नव्हतं. उशा रचून बसायची आणि एकेक श्वास विहिरीतून पाणी ओढावं तसा ओढायची. डॉक्टरांनी विचारलं, "या कारखान्यात कामाला होत्या का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग तुमचे कपडे कोण धुवायचं?"



धाकटी तेव्हा बावीस वर्षांची होती. रात्रंदिवस आईजवळ बसून वारा घालायची. आई गेल्यावर ती मला म्हणाली, "ताई, या धुळीचा एक कण मी माझ्या छातीत जाऊ देणार नाही. आणि ती इथे पडूनही राहू देणार नाही." बाई बोलली तसं वागली. शिकली, विषारी कचरा उचलण्याच्या कामात शिरली आणि सुपरवायझर झाली. कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण त्याच्या मागे चार एकरांचा खड्डा तसाच होता. तुटके पत्रे, फाटकी पोती, राखाडी चिखल. तो साफ करायचं काम निघालं तेव्हा ते हिच्याकडेच आलं. हिने मागूनच घेतलं म्हणा ना.

त्या कामाचे नियम कडक. सगळं ओलं करून उचलायचं. ओला चिखल जाड पिशव्यांत भरायचा, पिशव्या बंद करून पलीकडच्या स्वच्छ अंगणात रचायच्या, तिथून डंपरने न्यायच्या. कोरडं काही हलवायचं नाही. आणि सगळ्यांत वर, धाकटीने स्वतःच्या हाताने पाटीवर लिहिलेला नियम:

काहीही झटकायचं नाही.

खड्डा आणि अंगण यांच्यामध्ये एक लोखंडी केबिन होती. तीन खोल्या, एकापुढे एक. पहिलीत अंगावरचा कागदी झगा उतरवून पिशवीत टाकायचा. दुसरी पाण्याची. तिथे आतल्या साध्या कपड्यांवर आणि तोंडावरच्या मास्कसकट फवाऱ्याखाली उभं राहायचं. मास्क निघायचा सगळ्यांत शेवटी, आणि तोही वाहत्या पाण्याखालीच. मग तिसरी, स्वच्छ खोली. तिथे कोरडे कपडे घालायचे. मधल्या खोलीची दोन्ही दारं विजेच्या कुलपाची. मागचं उघडं असेल तर पुढचं उघडत नाही आणि स्वच्छ खोलीतला दिवा लाल होतो. घाण हवा पुढे जाऊ नये म्हणून.

स्वच्छ खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचे मास्तर. शाळामास्तर नव्हेत. आत जाणाऱ्याचा नंबराचा बिल्ला पाटीवर टांगायचा आणि बाहेर आला की परत द्यायचा, हे त्यांचं काम. हजेरी घेतल्यासारखे नंबर पुकारायचे म्हणून मास्तर. माणूस चोख, फक्त एक खोड. उकडतं म्हणून स्वच्छ खोलीचं बाहेरचं दार विटेने अडकवून उघडं ठेवायचे. धाकटी रोज वीट काढायची. मास्तर रोज ठेवायचे.

दुसरा माणूस डंपरवाला. त्याला सगळे विमान म्हणत. डंपर चालवायचाच तसा.

त्या गुरुवारी सगळे मजूर चहाला बाहेर पडले. धाकटी नेहमीसारखी शेवटी निघाली. सगळी माणसं मोजून बाहेर काढल्याशिवाय ती कधी निघत नसे. पहिल्या खोलीत झगा उतरवला, ओला करून पिशवीत घातला, पिशवी बांधली. मधल्या खोलीत आली. मागचं दार लावलं. कुलूप लागल्याचा आवाज तिने नीट ऐकला.

फवारा सुरू केला.

पाणी आलं... आणि अर्ध्या मिनिटात थांबलं.

टाकी रिकामी झाली असेल, असं तिला वाटलं. निदान स्वच्छ खोलीत जाऊन मास्तरांना सांगावं म्हणून तिने पुढच्या दाराचं बटण दाबलं.

दार उघडलं नाही.

पुन्हा दाबलं. नाही.

"मास्तर," तिने दारावर थाप मारली. "दार उघडत नाहीये. दिवा कुठला लागलाय?"

मास्तर स्वच्छ खोलीत आल्याचं तिला पावलांवरून कळलं. "लाल आहे, ताई. मागचं दार लावा की."

"लागलंय. मी हाताने ढकलून बघितलं."

"ताई, माझे डोळे अजून गेलेले नाहीत. लाल म्हणजे मागचं दार उघडं. तुमच्या पाठीमागे कुणी दार धरून उभं असेल, बघा."

मास्तरांनी थट्टा केली होती. धाकटीने मात्र मागे वळून बघितलं.

दार बंद होतं.

"पाटीवर बिल्ले किती, मास्तर?"

"एकच. नऊ नंबर. तुमचाच."

म्हणजे मागे कुणी नव्हतं.

मग तिने तो आवाज ऐकला.

फट्...

मागच्या दारापलीकडून. झगा उतरवायच्या खोलीतून.

फट्...

कोरडं कापड जोरात झटकल्याचा. तिथे कोरडं कापड नव्हतंच. कागदी झगा होता, तोही ओला, पिशवीत बांधलेला.

फट्...

ती चौथ्याची वाट बघत होती. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

ठक्.

दाराच्या चौकटीवर.

"ताई," बाहेरून मास्तरांचा आवाज आला, जरा नाराजीचा. "काय झटकताय आत? पाटी तुम्हीच लिहिली ना?"

म्हणजे त्यांनाही ऐकू जात होतं.

"मी नाही झटकत, मास्तर. इलेक्ट्रिशियनला बोलवा. पटकन."

"फोन लावतो. पोचायला वेळ लागेल पण. घाबरू नका."

"घाबरले नाहीये." हे ती खोटं बोलली. आयुष्यातलं पहिलं असेल.

खोली चार पावलं लांब, दोन पावलं रुंद. खिडकी नाही. वर एक पांढरी ट्यूब. त्या ट्यूबच्या उजेडात तिला दिसलं की हवेत काहीतरी तरंगतंय. बारीक. पांढरं. दाराला चारही बाजूंनी रबर होतं, मुंगी शिरली नसती. पण आवाज झाला की ते वाढत होतं.

फट्... फट्... फट्... ठक्.

नुकतीच भिजलेली फरशी बघता बघता पांढरी झाली.

तिचा मास्क पंख्याचा होता. कमरेच्या बॅटरीवर छोटा पंखा चालतो आणि गाळलेली हवा तोंडाशी येते. त्या बॅटरीने आता इशारा दिला.

टुक.

सकाळपासून वापरात होती. ही संपत आल्याची खूण.

पंखा बंद पडला तरी मास्क धूळ अडवतो, पण प्रत्येक श्वास आपल्याला ओढून घ्यावा लागतो. दहा मिनिटांत जीव कासावीस होतो आणि हात आपोआप मास्ककडे जातो. तिने स्वतः शेकडो मजुरांना हे शिकवलं होतं. पाणी नसताना मास्क काढायचा नाही, हेही.

टुक... टुक...

पंखा थांबला.

आणि मग त्या खोलीत तिच्याच श्वासाचा आवाज उरला. ओढलेला. लांब. विहिरीतून पाणी काढल्यासारखा.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. पाच महिने तिने तो उशाशी बसून ऐकला होता.

पुढच्या दाराशेजारी एक तांबडी दांडी होती. जिवावर बेतलं तरच खाली ओढायची. ती ओढली की दिवा कुठलाही असो, दार उघडतं. तिने खूप वेळ स्वतःला थोपवलं. इथली धूळ स्वच्छ खोलीत जाईल, मास्तर विनामास्क आहेत, असं मनाशी घोकत राहिली. पण मागचं झटकणं आता दारापलीकडे नव्हतं...

अलीकडे होतं. तिच्या पाठीशी, दोन हातांवर. आणि कपड्यांच्या साबणाचा वास येत होता.

तिने मागे बघितलं नाही. एका हाताने मास्कचा पट्टा धरला, दुसऱ्याने दांडी. दार उघडलं की मास्क ओरबाडून फेकायचा आणि उन्हात पळायचं.

दांडी ओढली.

त्याच क्षणी दारावर आवाज झाला.

खट्.

कडी लागल्याचा. जुनी, लोखंडी, जरा वाकडी झालेली कडी. त्या दाराला कडी नव्हतीच.

दांडी खाली आली. दार हललं नाही.

तिने खांद्याने धक्के मारले. ओरडली. बुक्क्या मारल्या. आणि दारापलीकडून, बाहेरून, डंपरचा आवाज आला. मागे येणारा. खूपच जोरात मागे येणारा.

धाड.

मग काही नाही. मग मास्तरांचं खोकणं.

"ताई..." त्यांना बोलता येईना. "ताई, बाहेर येऊ नका. मास्क काढू नका. काहीच दिसत नाहीये इथे."

विमानने डंपर मागे घेताना पिशव्यांची अख्खी रास आडवी केली होती. खालच्या पिशव्या महिन्याभरापूर्वीच्या. उन्हात आतल्या चिखलाचं वाळून पीठ झालं होतं. पिशव्या फुटल्या आणि वाऱ्याने ते पीठ विटेने उघड्या ठेवलेल्या दारातून थेट स्वच्छ खोलीत आणलं. दांडी ओढल्यावर दार उघडलं असतं तर धाकटी त्याच क्षणी, मास्कशिवाय, तिथून पळत असती.

तिच्या डोक्यावर फवारा सुरू झाला. आपोआप. मागचा आवाज थांबला. तिने हळूच बटण दाबलं.

दार अलगद उघडलं.

ती तशीच, ओढून ओढून श्वास घेत, मास्कसकट बाहेर गेली. पाण्याचा पाइप उचलला. आधी विमानला आणि मास्तरांना कपड्यांसकट भिजवलं, मग अंगण. दोघं पांढरेफटक झाले होते. पापण्यासुद्धा.

ती आत पंचवीस मिनिटं होती.

इलेक्ट्रिशियनने दार दोन दिवस तपासलं. बिघाड सापडला नाही. पाण्याच्या खोलीतली हवा रोज एका यंत्रावर गाळून तपासायला जायची. त्या दिवसाचा कागद स्वच्छ आला. एक तंतू नाही. टाकीही भरलेलीच होती.

ते काम पुढच्या वर्षी संपलं. खड्ड्यावर आता गवत आहे. केबिन दुसऱ्या कामावर गेली, तिथे कुणाची तक्रार नाही. विमानने डंपर सोडला, हल्ली शाळेची बस चालवतो आणि सायकलवाले त्याला मागे टाकून जातात. मास्तर मुलीकडे राहतात. दोघं दर वर्षी छातीचा फोटो काढतात. अजून सगळं ठीक आहे. पण डॉक्टर म्हणतात, ही धूळ वीस-तीस वर्षं गप्प बसते. पंधरा झाली.

धाकटी निवृत्त झाली. तिची छाती साफ आहे.

आता ती राहिलेली गोष्ट.

कडी लागण्याच्या आधी तिच्या पाठीशी कुणीतरी बोललं होतं. तिने हे मला सांगायला चार वर्षं लावली.

"मोठे, कडी लाव."

"ताई," धाकटी म्हणाली, "मोठी तर तू."

मी त्या दुपारी माझ्या घरी होते, तिच्यापासून वीस किलोमीटरवर. जेवून आडवी झाले होते. चारच्या सुमाराला सुनेच्या हाकेने जाग आली. "आई, अशा काय उभ्या आहात?" मी पलंगावर नव्हते. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला पाठ टेकवून उभी होते, हात मागे, कडीवर. वय झालं, म्हटलं, आणि विसरून गेले. धाकटीने सांगेपर्यंत.

ती म्हणते, "आईने मला वाचवलं. तू वाचवलंस." मी मान हलवते.

पण मला मास्तरांचा खोकला आठवतो, मी तो ऐकलेलाही नसताना. आणि आणखी एक आठवतं. रोज साडेपाचला मी कडी लावायचे तेव्हा धाकटी आत असायची, मी आत असायचे...

आई बाहेर असायची.

मागच्या दाराची कडी आता मी लावत नाही. सुनेला सांगते.