दाट शिरा

"शिरा दाट पाहिजे बघ... एकदम दाट!"

फोन कानाला लावून एक पोरगा पुसेगावच्या आमच्या नाष्ट्याच्या हॉटेलात शिरला. "मिना, गिऱ्हाईक बघ," आई चुलीमागून ओरडली. दाट शिरा आजवर कुणी मागितला नव्हता. घट्ट म्हणायचं असेल, असं समजून मी वर तूप सोडून प्लेट त्याच्यापुढे ठेवली. तो आधी प्लेटीकडे, मग माझ्याकडे बघत राहिला... आणि असा हसला, की मी उगाचच ओढणी सारखी केली.

"अवो, मी पानाच्या शिरांचं बोलून राहिलो!"

खाल्ला मात्र चाटूनपुसून.

हा दिपक. हिंगोलीच्या कॉलेजात झाडांचा अभ्यास करायचा. बांधावरची पानं गोळा करायला यायचा आणि दर खेपेला शिरा मागायचा. एकदा त्यानं दोन पानं माझ्यासमोर उजेडात धरली.

"हे नेच्याचं, बिनफुलाच्या झाडाचं. शिरा विरळ, म्हणून पाणी पोचायला तकलीफ. पानाला बारीक बारीक तोंडं असतात, ती सुकायच्या भीतीनं नीट उघडतच न्हाईत. मग हवा कमी, अन्न कमी."

"अन् हे भोपळ्याचं?"

"फुलझाडं हुशार निघाली. कोट्यवधी वर्षांत त्यांच्या शिरा दाट होत गेल्या. पाणी जवळ आलं, तोंडं बिनधास्त उघडली... उन्हात कितीतरी जास्त अन्न तयार व्हायला लागलं. म्हणून तर जिकडंतिकडं फुलझाडंच झाली."

"म्हंजे पाणी जवळ असलं की तोंड उघडतं?"

"व्हय..." तो आणखी काही बोलणार होता. बोलला नाही. मी आपली वाट बघत बसले.

आणि मग आली आफिफा. त्याच्याच कॉलेजातली. हसली की गालाला खळी पडायची मेलीच्या! दोघं एका पानावर डोकी वाकवून शिरा मोजायचे. "तू मोज, मी लिहितो," तो तिला म्हणायचा. आणि मला? "तुमचा शिरा लई भारी!" वा रे वा. तूप माझं आणि 'तू' तिला! मी तिला पाण्यात बघायला लागले.

त्या दिवशी तीच म्हणाली, "आज शेवटचं. दुपारच्या एसटीनं निघालो की इकडं काय काम?"

दिपक मान खाली घालून पानं वहीत ठेवत राहिला. माझा तिळपापड झाला. कायमचा निघाला, तोही तिच्यासोबत, आणि मला एक शब्द नाही? आत जाऊन मी त्याच्या शिऱ्यात चांगलं चमचाभर मीठ कालवलं.

त्यानं पहिला घास घेतला. थांबला. माझ्याकडे बघितलं... आणि दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं तरी खातच राहिला. मला आणखीच राग आला. याच्या जिभेला चव आहे की नाही?

तेवढ्यात आफिफानं त्याच्याच प्लेटीत चमचा घातला. एवढा हक्क!

"या अल्लाह, मीठ!" तिनं घास कसाबसा गिळला. "दिपक, अर्धी प्लेट खाल्ली तू? माझ्या डब्यातली भाजी जरा खारट झाली तर दिवसभर भांडतोस!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गालातल्या गालात हसत पिशवी उचलली. "मी स्टँडवर जाते. एसटी कुणासाठी थांबत न्हाई हां."

ती गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या घेऊन मी त्याच्यापुढे उभी राहिले.

"काहून बोलला न्हाईत?"

"बोललो असतो तर तुमी प्लेट उचलून नेली असती... शेवटची होती."

"अन् इतके दिवस? तेव्हा काहून गप्प? नेच्याचं पान कुठलं!"

तो तांब्याकडे बघत राहिला. घशाला कोरड पडली होती बिचाऱ्याच्या. मी तांब्या टेबलावर ठेवला, पण हात काही काढला नाही.

"पाणी जवळ आलंय," मी म्हणाले. "आता तरी उघडा तोंड."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. तो उठला नाही. तांब्यावरच्या माझ्या बोटांना त्याची बोटं हळूच टेकली.

"मिना... तू मला आवडतेस. लई."

तू म्हणाला! मला आधी तेवढंच ऐकू आलं. बाकीचं मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, आणि मगच पाणी पिऊ दिलं.