नमुन्याबरहुकूम

कंटेनर कुणी उघडून बघत नाही, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. बंदरात रोज शेकडो उतरतात. कस्टमचा साहेब कागद बघतो, नमुना मागतो. नमुना पास झाला की माल पास. मी बावीस वर्षं क्लिअरिंग एजंट आहे आणि माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये मागच्या मालांतले स्वच्छ नमुने असतात. रबराचे दाणे, कापूस, रंगाची पूड. उन्हात जाऊन पोती फोडण्यापेक्षा ड्रॉवर उघडणं सोपं. सगळेच करतात, म्हणून मीही करत होतो.

केसांचा कंटेनर आला, तेव्हा मात्र घोडं अडलं. ड्रॉवरमध्ये केस नव्हते.

केसांचे टोप बनवणाऱ्या कारखान्याचा माल होता. माणसांचे कापलेले केस, धुतलेले, तीनशे पोती. तीन आठवडे उन्हात पडून होता. मी दार वीतभर उघडलं आणि आतून जो भपकारा आला, तो अजून नाकातून गेलेला नाही. आजारी माणसाच्या न धुतलेल्या डोक्याचा, आंबट, कोमट वास. दाराच्या फटीतून काळपट पाणी ठिबकत होतं. दोन थेंब माझ्या बुटावर पडले. मी तिथेच ओकलो आणि दार लावून घेतलं. त्या पोत्यांत हात घालणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. पण नमुना दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. माझा परवाना आधी एकदा निलंबित झालेला. आता आणखी एक ठपका आला, तर कायमचा रद्द.

घरी कपाटात एक वेणी होती. बारकीची, म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या मुलीची. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या तापात तिचे केस कापावे लागले होते. बायकोनं ती वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवली होती. तेव्हापासून दर रविवारी बारकी शाळेची पट्टी घेऊन माझ्यापुढे बसायची. मी केस मोजायचो, ती वहीत लिहायची. मागच्या रविवारी अडीच सेंटिमीटर भरले होते.

"बाबा, वाढदिवसापर्यंत वेणी येईल?"

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या वाढदिवसाला नक्की येईल," मी म्हणालो होतो.

मी वेणीतले मूठभर केस कापून घेतले, निळ्या रबरबँडसकट पाकिटात घातले. बायकोला पत्ता लागू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला.

"साहेब, कागदावर कापलेले केस लिहिलंय. मग याला मुळं कशी? तीसुद्धा ओली?"

"धुतलेला माल आहे," मी म्हणालो.

पलीकडे शिक्का आपटल्याचा आवाज आला. "असेल. पास केलाय मी."

फाटकाबाहेर पडताना कंटेनर वजनकाट्यावर नव्वद किलो जास्त भरला. काटेवाला म्हणाला, पाणी धरलं असेल. मीही तेच लिहून दिलं.

रविवारी पट्टी दोनावर थांबली.

"अहो, तिरकी धरताय तुम्ही," बायको म्हणाली. सरळ धरली, तरी दोनच. पुढच्या रविवारी एक. उशीवर केस नव्हता, मोरीत नव्हता. डॉक्टर म्हणाले, गळत तर नाहीत, उगाच काळजी करू नका. बारकीनं वही दप्तराच्या तळाशी सारून ठेवली.

सोमवारी कारखान्याच्या मालकाचा फोन आला. "माल अगदी नमुन्याबरहुकूम निघाला. एक केस वेगळा नाही. पण गठ्ठ्यांना ही निळी रबरबँडं कशाला हो?"

मी धावत गेलो.

लांबच लांब टेबलांशी बायका नाकाला रुमाल बांधून बसल्या होत्या. हजारो गठ्ठे होते. शेंड्यांना उन्हानं तांबूस झालेले, प्रत्येकात बारकीच्या कानामागची तीच एक कुरळी बट. एकीनं गठ्ठा माझ्या हातात कोंबला.

"बघा की. वाळवला तरी ओला तो ओलाच. आणि हाताला गरम लागतो."

खरंच गरम होता. मुळांशी मऊ, पांढरे कण चिकटलेले. बोटं बुळबुळीत झाली. वास बारकीच्या तेलाचा होता आणि त्याखाली तापातल्या डोक्याचा. स्वतःच्या पोरीच्या केसांची मला किळस आली, आणि ती आली म्हणून स्वतःची त्याहून जास्त.

"दुसरा कंटेनर निघालाय," मालक म्हणाला. "पास झालेला नमुना वर्षभर चालतो ना?"

चालतो. थांबवायला एकच वाट होती: नमुना खोटा दिला, असं मी सहीनिशी लिहून द्यायचं.

ऑफिसात येऊन मी ते पत्र लिहिलं. तीनदा साबणानं धुतलेल्या बोटांना अजून तोच वास होता. सहीसाठी पेन उचललं. भिंतीवर फ्रेममध्ये परवाना टांगलेला होता.

म्हटलं, उद्या बघू. पत्र खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

घरी पोचलो तेव्हा बारकी दारातच उभी होती. डोकं गुळगुळीत. रडत नव्हती.

"केस राहू देत, बाबा. आज उंची मोजू."

चौकटीला पाठ टेकवून, टाचा जुळवून ती ताठ उभी राहिली. मी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली.

मागच्या वाढदिवसाला चौकटीवर मारलेली पेन्सिलीची खूण पट्टीच्या दोन बोटं वर होती.

"किती वाढले मी?" तिनं विचारलं.