चार बोटं पाणी

भुरभुर पावसात फिरणारं चाक पाहिलं की गिऱ्हाईक विरघळतंच, असं सिदोनीच्या भावाने तिला फोनवरून बजावलं होतं. म्हणून पॅरिसहून पाणचक्की बघायला आलेल्या जोडप्याला तिने अंगणात छत्रीखाली उभं केलं आणि झडपेचा दांडा गरागरा फिरवला. पाट भरून वाहू लागला. जुन्या लाकडी चाकाने एक मोठा उसासा टाकला, अन् मग पात्यापात्यांवरून पाणी सांडत ते असं डौलात फिरू लागलं की बाई हरखूनच गेल्या. त्यांचे यजमान मात्र भिंतीची ओल निरखत होते. थोड्या वेळाने दोघं "कळवतो" म्हणून निघून गेले. सिदोनीने झडप घट्ट आवळली, आणि ती ओले केस पिळत पायरीवर बसली.

तेवढ्यात पाटाच्या कडेने एक तरुण येताना दिसला. मांडीपर्यंत रबरी बूट, भुवयांवरून निथळणारा पाऊस, हातात बादली.

"ही चक्की तुमची?"

"हो. विकत घ्यायची आहे का?"

"नाही. पाणी परत मागायला आलोय."

त्याने बादली पुढे केली. तळाशी बोटभर पाण्यात एक ठिपक्यांचा ट्राउट मासा तोंड उघडत-मिटत होता.

"हा एकटा नाही," तो म्हणाला. "खाली माझ्या तळ्यांत याचं अख्खं गाव आहे. आधी तुम्ही गढूळ लोंढा सोडलात, आणि मग नदीच बंद केलीत."

"नदी कशी बंद करीन मी?"

"ती झडप अशी आवळून."

त्याचं नाव गास्पार. तो रागावला होता, पण त्याला धड रागावता येत नव्हतं. शेवटी त्याने बादली खाली ठेवली आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. बंधाऱ्यामागे कूझ नदीचं पाणी साठतं. झडप उघडली की ते साठलेलं पाणी चाक फिरवून खाली जातं. मग झडप पूर्ण बंद केली, तर साठा पुन्हा भरेपर्यंत खालच्या अंगाला उरतात ते नुसते दगड.

"तुमचे आजोबा नेहमी एवढी फट ठेवायचे." त्याने झडपेखाली आडवा हात धरला. "चार बोटं."

सिदोनीने आपला हात त्याच्या हाताशेजारी धरून पाहिला. "तुमची चार. माझी पाच लागतील."

"मग पाच ठेवा. मासे बोटं मोजत नाहीत."

सिदोनी हसली. तोही हसला असता, पण राग करायला आलो आहोत हे त्याला वेळेवर आठवलं.

आजोबांनी या चक्कीत एके काळी अक्रोडाचं तेल काढलं होतं. पुढे वय झालं तसं त्यांनी जात्यांची खोली स्वयंपाकघर केली, एका जात्याचं टेबल केलं, वरच्या कोठारात निजायच्या खोल्या काढल्या. पण ऊन तापलं की तुळयांना अजून अक्रोडाचा वास यायचा. हिवाळ्यात आजोबा गेले. घर सिदोनी आणि तिचा भाऊ एल्वा, दोघांच्या नावावर आलं. एल्वाला नांतमध्ये स्वतःची बेकरी थाटायची होती, विक्रीशिवाय त्याचं अडलं होतं. सिदोनी बोर्दोतल्या एका चष्म्याच्या दुकानातून लांबलचक रजा काढून आली होती. घर विकायचं आणि परत जायचं. बेत एवढा सरळ होता.

पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा तिने आठवणीने फट ठेवली. गिऱ्हाईक जायला आणि पाटाच्या वाटेवर रबरी बूट दिसायला एकच गाठ पडली.

"यावेळी फट ठेवली होती मी," सिदोनी आधीच म्हणाली.

"हो. तेच सांगायला आलो." गास्पारने बुटांकडे पाहिलं. "छान ठेवली होती."

एवढं सांगायला माणूस अर्धी टेकडी चढून आला होता. बरोबर ओल्या गवतात गुंडाळलेले दोन मासे होते. सिदोनीने ते लोण्यात परतले, वर अक्रोडाच्या तेलाची धार सोडली, आणि दोघांनी जात्याच्या टेबलावर पावाबरोबर खाल्ले. काटे काढताना तो सारखा डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होता.

"डोळे का बारीक करता?"

"ऊन येतंय."

"बाहेर ढग आहेत."

"मग... ढग येतायत."

"चला, उठा," ती म्हणाली. "माझा धंदाच आहे तो." तिने त्याला साठ्याच्या काठावर नेऊन उभं केलं, एक डोळा हाताने झाकायला लावला आणि पलीकडच्या फाटकावरचा फलक दाखवला. "ती अक्षरं वाचा."

फलकावर 'विकणे आहे' असं लिहिलं होतं. गास्पार बराच वेळ तिकडे बघत राहिला. पाण्यावर पाकोळ्या झेपा घेत होत्या.

"मला तिथे काहीच दिसत नाही."

"एवढी मोठी अक्षरं?"

"तो फलक दिसावा म्हणून मी काही चष्मा लावणार नाही," तो म्हणाला, आणि बादली उचलून चालता झाला.

सिदोनी तिथेच उभी राहिली. एक डोळा आता तिनेच हाताने झाकला होता, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

यानंतर तिने जे केलं ते शहाण्या माणसाने करू नये. पण शहाणपण आणि जून महिना क्वचितच एका घरात राहतात. त्या आठवड्यात एकही गिऱ्हाईक यायचं नव्हतं. सिदोनीने स्वतःची समजूत घातली, की लाकडी चाक ओलं राहिलं नाही तर तडकतं. मग केस विंचरले, निळा झगा घातला आणि झडप उघडली.

तो आला. अंगणात चौफेर पाहिलं.

"गिऱ्हाईक कुठंय?"

"गेलं."

"वाटेत मोटार दिसली नाही."

"चालत आलं होतं."

"इथे? चालत?"

"फार चालणारं होतं."

गास्पारने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. "मग दमलं असेल बिचारं. कॉफी तरी दिलीत ना?"

"नाही. ती दुसऱ्या कुणासाठी ठेवलीये."

त्यानंतर चालत येणारी गिऱ्हाइकं वाढली. चाक फिरायचं, खाली पाणी हलायचं, आणि वर कॉफी उकळायची. त्याने एकदाही विचारलं नाही, तिने एकदाही सांगितलं नाही.

"मागे चाक वाजतंय," एल्वा फोनवर म्हणाला. "कोण आलंय?"

"कुणी नाही. म्हणजे... शेजारी."

"शेजाऱ्याला विकतेस की काय?"

"तो विकत घ्यायला येत नाही."

"मग कशाला येतो?"

सिदोनीने चटकन बेकरीच्या भट्टीची चौकशी केली. भट्टीचा विषय निघाला की एल्वा बाकी सगळं विसरायचा.

जुलै लागला आणि पाऊस कुठे गडप झाला कोण जाणे. नदी आक्रसली. बंधाऱ्यावरून जेमतेम एक पदर वाहत होता. सिदोनीने चाकाला हात लावणं सोडून दिलं, कारण चाक फिरलं असतं तर खालच्या तळ्यांचे प्राण कंठाशी आले असते. आता बोलावण्याचं निमित्त उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती स्वतःवरच चिडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटाच्या कडेने बूट वाजले.

"आज पाणी हललं नाही," ती म्हणाली.

"नाही हललं."

"तरी आलात?"

"सवय..." तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

मादाम लीवेन्स आल्या त्या अशाच कोरड्या दिवसांत. बेल्जियममधल्या गेंटच्या विधवा बाई, हातात काठी, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी ओल पाहिली आणि म्हणाल्या, नदीकाठच्या घराला ओल नसेल तर कुणाला असेल. जात्याच्या टेबलावर तळवा फिरवला, वर जाऊन गादीवर बसून पाहिलं, आणि खाली येऊन सांगितलं, "घेतलं. फक्त एक. मी अंगणात टेबलं मांडणार, उन्हाळ्यात पाहुणे उतरवणार. तेव्हा चाक उन्हाळाभर फिरायला हवं. चाक थांबलेली चक्की म्हणजे घंटा नसलेलं चर्च."

त्याच वेळी गास्पार दारात आला. हातात मासे, उंबऱ्यावर एक पाय.

सिदोनीला ठाऊक होतं काय म्हणायचं ते. हो म्हणायचं. हो म्हटलं की एल्वाची भट्टी पेटणार, तिची बॅग भरली जाणार, बोर्दोचं दुकान पुन्हा सुरू होणार. तिने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"उन्हाळ्यात चाक फिरत नाही, मादाम. फिरवलं तर खाली मासेवाल्यांची तळी सुकतात."

"फिरवा, फिरवा," गास्पार दारातून म्हणाला. "काही होत नाही."

सिदोनीने वळून पाहिलं. "होतं."

"नाही होत. मासे चिवट असतात."

"जूनमध्ये बादली घेऊन कोण आलं होतं?"

"तो मासा म्हातारा होता."

"तळहाताएवढा होता."

"लवकर म्हातारा झाला होता."

मादाम लीवेन्स काठीवर दोन्ही हात ठेवून आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या.

"हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "विकायला बसलेली विकू देत नाही, आणि ज्याचे मासे मरायचे तो म्हणतो मरू देत. मुलांनो, मी गावात जेवून येते. तोवर दोघं मिळून एकच काय ते ठरवा."

त्यांची मोटार फाटकाबाहेर गेली. उडालेली धूळ फलकावर बसली.

"खोटं का बोललात?" सिदोनीने विचारलं.

"तुम्हाला गिऱ्हाईक हवं होतं ना."

"आणि तुमचं काय?"

गास्पारने मासे टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. "मला नको होतं. एकही नको होतं. वरती मोटार गेली की मी म्हणायचो, देवा, याला ती ओल दिसू दे."

सिदोनीला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले.

"आता तुम्ही सांगा," तो म्हणाला. "खरं का बोललात? विक्री मोडली असती."

"मोडली असती तर..." तिने टेबलाच्या खाचेत बोट फिरवलं. "तर मला राहावं लागलं असतं."

बाहेर बंधाऱ्यावरून पाण्याचा तो एक पदर हळूच ओघळत होता. गास्पार जवळ आला. त्याच्या हाताला नदीचा वास होता आणि तो हात तिच्या गालापाशी येऊन थबकला... मग टेकला.

"विकून टाक," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिला 'तू' म्हटलं होतं. "भावाचं अडलंय तुझ्या. विक. पण..."

त्या 'पण'च्या पुढे त्याला जाता येईना. सिदोनी थांबली. तो तिच्या केसांवर हनुवटी टेकून उभा राहिला, पण पुढचा शब्द काही आला नाही.

मादाम लीवेन्स जेवून आल्या, त्यांनी खरं काय ते ऐकलं आणि काठी आपटली. "बरं. उन्हाळ्यात चाक बंद, आणि झडपेखाली कायमची फट. विक्रीच्या कागदातच घालून टाका. पाहुण्यांना मी सांगेन, चाक सुट्टीवर गेलंय."

कागद तयार व्हायला अक्रोड पडायचे दिवस उजाडले. तोवर ती दोघं रोज भेटत होती, नदीकाठाने फिरत होती, बोलत होती. पण विक्रीनंतर काय, तिथे येऊन गास्पारची गाडी अडायची. त्याची जागा ओलसर, घर दोन खोल्यांचं, आणि बोर्दो हे बोर्दो. अशा मुलीला इथे राहा म्हणायचं तरी कसं? आणि सिदोनीला वाटे, न बोलावता कुणाच्या घरी जायचं तरी कसं? सहीचा दिवस उजाडला तेव्हा बॅग भरून झाली होती. दुपारच्या गाडीचं तिकीट तिच्या खिशात होतं.

नोटरीबाईंच्या कचेरीत सगळे कोंडाळं करून बसले. नांतहून एल्वा आला होता, त्याच्या भुवईला पीठ होतं. पाण्याच्या कलमावर सही लागणार म्हणून गास्पारलाही बोलावलं होतं. तो इस्त्रीच्या शर्टात पुतळ्यासारखा बसला होता. नोटरीबाई एकेक कलम संथपणे मोठ्याने वाचत होत्या, आणि सिदोनी खिडकीबाहेर पाहत होती.

"विकणाऱ्या बाईंचा पत्ता," नोटरीबाई थांबल्या. "चक्की तर आता मादामची. इथून पुढे कुठला लिहू?"

"बोर्दोचा," एल्वा म्हणाला. "तिथेच तर असते ती."

"नको," सिदोनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज सरळ आला. "ट्राउट तळी, कूझकाठ, खालची वाट. तो लिहा."

नोटरीबाईंनी समोरचं पान उलटलं, परत मागे उलटलं. "हा पत्ता तर या गृहस्थांचा आहे."

"हो."

"यांना विचारलंय तुम्ही?"

"आत्ता विचारतेय."

एल्वाची खुर्ची करकरली. गास्पारने आपल्या हातांकडे पाहिलं. मग मान वर केली, आणि नोटरीबाईंकडे नाही, सिदोनीकडे बघत म्हणाला,

"लिहा."