सगळ्यांना विचारून झाल्यावर

श्रुती सोनाराकडे गेली ती साखळीची तुटलेली कडी जोडून घ्यायला. एवढंच काम. खानवेलची शनिवारची अर्धी शाळा सुटली की मिळेल ती बस पकडायची, सिल्वासात उतरून सदाशिवकाकांच्या दुकानात साखळी टाकायची आणि घरी जाऊन आईच्या हातची आमटी ओरपायची, असा तिचा साधासरळ बेत होता. बाहेर ऊन असतानाच पाऊस पडत होता आणि छत्री उघडावी की नको, हे कुणालाच कळत नव्हतं. एकूण दिवस बरा चालला होता.

"आवो बेन, आवो," काकांनी तिला पाहताच गल्ल्यावरून उठून तिचं स्वागत केलं. "मला वाटलंच, तुम्हाला राहवणार नाही. बघायला आलात ना?"

"काय बघायला?"

काकांनी उत्तर देण्याऐवजी काउंटरखालून एक निळी डबी काढली आणि तिच्यासमोर उघडून धरली. आत अंगठी होती. मधोमध एक हिरा, फार मोठा नाही, आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरत गेलेली बारीक हिऱ्यांची ओळ. श्रुतीला ती आवडली. पुढच्या दोन तासांत जे काही झालं, त्यात हे तिनं कुणासमोर कबूल केलं नाही, पण आवडली.

"छान आहे. कुणाची?"

"तुमची."

श्रुती हसली. काका हसले नाहीत. ते भिंग पुसण्यात गुंतले होते.

"काय माणूस आहे हो तुमचे हर्षलभाई. येतो, अंगठी भिंगाखाली धरतो, आतला शिक्का वाचतो, हॉलमार्कचा नंबर मोबाइलमध्ये घालून बघतो, जातो. परत येतो. म्हणतो, काका, हिऱ्याचं सर्टिफिकेट दाखवा. मी म्हटलं, भाई, सोनं अठरा कॅरेट, हिरा असली, आता काय माझी पण लॅबमध्ये तपासणी करशील? तुमच्या मम्मी इतक्या हसल्या..."

"माझी आई इथे आली होती?"

"मापाला अंगठी त्यांनीच तर दिली." काकांच्या हातातलं भिंग थांबलं. "तुम्हाला... माहीत नाही?"

श्रुतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तुटकी साखळी उचलून पर्समध्ये टाकली आणि छत्री न उघडता रस्त्यावर आली. मागून काकांचा आवाज येत राहिला, मी काही बोललो नाही हां बेन, मी काहीच बोललो नाही.

आता हा हर्षल कोण, ते सांगायला हवं, कारण राग कुणावर आहे ते कळल्याशिवाय त्याची खरी मजा कळत नाही. हर्षल अमळनेरकडचा. राखोलीच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासायच्या कामावर. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीनं श्रुती शिकवायची त्या शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र भेट दिलं. साहेब आले, हार आले, फोटोवाला आला. आणि ऐन फोटोच्या वेळी हा उंच, सावळा मुलगा यंत्रापाशी खाली वाकून म्हणाला, "सर, हे गळू राहिलं. मुलांना नाही देता येणार." साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. यंत्र परत गेलं, आठवड्यानं दुसरं आलं, आणि ते बसवायला हर्षल स्वतः आला. श्रुतीनं त्याला चहा दिला. त्यानं कपाच्या कानाला गेलेला बारीक तडा दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, या कपात तुम्ही पिऊ नका. हात भाजेल." चहा मात्र त्यानं त्याच कपातून प्यायला.

तेव्हापासून... तेव्हापासून काय, ते दोघांनाही नेमकं सांगता आलं नसतं. सुट्टीच्या दिवशी नदीकाठी फिरणं. बसची ओली सीट त्यानं रुमालानं पुसणं आणि मग स्वतः उभं राहणं. ती बोलत असताना त्याचं तिच्याकडे पाहणं, आणि तिनं पाहिलं की चटकन दमणगंगेच्या पाण्याकडे वळणं. मॅडमचं तू झालं. पण तो एक शब्द—तो काही त्याच्या तोंडून निघाला नव्हता. श्रुती वाट पाहत होती. रोज नाही, पण बऱ्याचदा. आणि या गृहस्थानं अंगठीच घेऊन ठेवली होती.

घरी आईनं पान वाढायला घेतलं होतं. श्रुतीनं ओली पर्स टेबलावर ठेवली.

"आई, माझं लग्न ठरलंय का?"

अलकाताईंच्या हातातली पळी आमटीतच राहिली. सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेली बाई, सहजासहजी गडबडायची नाही. "सदाशिव बोलला वाटतं. तोंडात तीळ भिजत नाही मेल्याच्या."

"सदाशिवकाकांचं सोड. तू काय केलंस?"

"मी काय केलं? मुलगा घरी आला, सरळ बसला, सरळ बोलला. तुझ्या बाबांच्या फोटोला नमस्कार केला. म्हणाला, तुमची परवानगी असेल तर. मी म्हटलं, आहे. इतका नीट मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

"म्हणजे फोटोला विचारलं."

"श्रुती."

"तुला विचारलं, बाबांच्या फोटोला विचारलं, सोनाराला विचारलं, मोबाइलला विचारलं. मला कुणी विचारलं? मी काय घराची पाण्याची टाकी आहे, कुठं बसवायची ते तुम्ही ठरवणार?"

"तुला तो आवडत नाही का?" आईनं अगदी शांतपणे विचारलं.

श्रुतीला याचाच सर्वांत जास्त संताप आला. आवडतो, म्हणूनच तर! एखाद्या नावडत्या मुलानं हे केलं असतं, तर तिनं दोन शब्दांत त्याला वाटेला लावलं असतं आणि आमटी गरम असतानाच जेवली असती. ज्याच्या एका शब्दासाठी आपण वर्षभर कान टवकारून बसलो, त्यानं तो शब्द सगळ्या गावाला सांगावा आणि आपल्यालाच वगळावं, हा अपमान तिला गिळवेना. ती न जेवता निघाली.

राखोलीच्या पुलावर हर्षल शिफ्ट संपवून आला तेव्हा ती कठड्यापाशी उभी होती. खाली नदी गढूळ आणि भरलेली. त्याच्या अंगावर अजून कंपनीचा निळा शर्ट होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा पाहून लगेच उतरला.

"काय झालं?"

"अभिनंदन. तुझं लग्न ठरल्याचं कळलं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मुलगी कशी आहे?" तिनं विचारलं. "चांगली आहे ना? तपासून घेतलीस ना? शिक्का, नंबर..."

"श्रुती, मी सांगणारच होतो. उद्या. सगळं पक्कं करून..."

"सगळं म्हणजे काय काय रे? हिरा पक्का. सोनं पक्कं. आई पक्की. आणि मी? मी शेवटी, हो ना? पावतीवर सही करायला."

हर्षलनं कठड्यावर हात ठेवले. तो पाण्याकडे पाहू लागला, पण या वेळी लाजून नाही.

"माझ्या ताईच्या लग्नात बाबांनी दागिने केले होते," तो म्हणाला. "गावचाच सोनार, ओळखीचा. बावीस कॅरेट सांगून दिले. पुढे अडचणीच्या वेळी ताईच्या सासरच्यांनी ते मोडायला नेले, तर निम्मं तांबं निघालं. सोनाराला कुणी काही बोललं नाही. ताईला बोलले. अजून बोलू राहिले. तुझ्या बापानं फसवलं म्हणतात. बाबा तर... त्यांना तर माहीतही नव्हतं." तो तिच्याकडे वळला. "तुझ्या बोटात खोटं काही जायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कुणी तुला कधी तसं बोलायला नको."

श्रुतीचा राग एका पायरीनं खाली आला. त्या न पाहिलेल्या सोनारावर मात्र तो दुपटीनं चढला, आणि त्या ताईच्या सासरच्यांवर चौपटीनं. पण तिनं आपला मुद्दा सोडला नाही. शिक्षिका होती ती, मुद्दा सोडायची सवय नव्हती.

"ते मला कळलं," ती म्हणाली. "आणि सोनार समोर असता तर मीच त्याची कानउघाडणी केली असती. पण तरी सांग. सगळ्यांची खात्री करून घेतलीस, माझीच का नाही?"

"कारण तुझीच होत नव्हती."

"म्हणजे?"

"बाकी सगळं तपासता येतं, श्रुती. भिंग आहे, मशीन आहे, कागद आहे. तू नाही म्हणालीस तर... त्याला काय करणार? म्हणून तुझ्याकडे यायचं टाळत, बाकीचंच तपासत बसलो. परत परत." तो अगदी हळू बोलत होता. "भ्यायलो होतो मी. क्वालिटीवाला माणूस, आणि भ्यायलो."

पुलावरून एक ट्रक गेला, पूल थरथरला. श्रुतीनं ओढणीचं टोक पिळून उगाचच पाणी काढलं.

"मग आता विचार," ती म्हणाली.

"आता? अंगठी तर दुकानात..."

"अंगठीला नाही विचारायचं. मला."

हर्षलनं दोन्ही हात कठड्यावरून उचलले. रिकामे. त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. "मला तू आवडतेस," तो म्हणाला. "तो तडा गेलेला कप हातात घेतला तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील का?"

श्रुती कठड्यापासून बाजूला झाली. "चल," ती म्हणाली, "तुझी पक्की वस्तू आधी बघू."

दुकानात सदाशिवकाकांनी दोघांना एकत्र पाहून हातच जोडले. डबी उघडली. हर्षलनं अंगठी उचलली, सवयीनं उजेडात धरून आतला शिक्का पाहिला आणि श्रुतीच्या बोटात घातली. अंगठी पेराच्या खाली उतरली आणि गर्रकन फिरून हिरा तळहाताच्या बाजूला गेला.

तिनं हात खाली केला. अंगठी घसरून काउंटरवर पडली.

"माप कुणाच्या अंगठीचं दिलं होतं?" तिनं विचारलं.

"अलकाबेनच्या," काका पुटपुटले. "म्हणाल्या, मुलीची बोटं माझ्यासारखीच."

"माझी बोटं बाबांसारखी बारीक आहेत," श्रुती म्हणाली. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

हर्षलनं डोळे मिटले. एवढं भिंग, एवढे नंबर, आणि हे.

काकांनी अंगठी उलटसुलट करून पाहिली. "लहान होईल, पण... बाजूला हिऱ्यांची ओळ, तिथं करवत लावता येत नाही. खालूनच कापावी लागेल, शिक्का आहे तिथून. हॉलमार्कचा नंबर जाईल. पुन्हा मार्क करायला वापीला पाठवता येईल, पण सोमवारनंतर. तोवर थांबायचं असेल तर..." ते हर्षलकडे पाहत होते. त्यांना आपलं गिऱ्हाईक ठाऊक होतं.

श्रुतीही त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या हातात सर्टिफिकेट होतं, कडा बोटांनी मऊ झालेल्या. ताईचे दागिने त्याच्या डोळ्यांसमोर आले असणार, हे तिला दिसलं. या एका गोष्टीत तिला त्याला मदत करायची नव्हती.

हर्षलनं सर्टिफिकेट काउंटरवर ठेवलं.

"बोटाचं माप घ्या, काका. तिच्या," तो म्हणाला. "आणि कापा."

"नंबर जाईल हां, भाई."

"जाऊ द्या. तिला बसली पाहिजे."

काकांनी मापाच्या कड्यांचा झुबका पुढे केला. श्रुतीनं हात पुढे केला, आणि कडं बोटात जात असताना हर्षलकडे न बघता म्हणाली, "हो."

"कशाला हो?" हर्षलनं विचारलं.

"पुलावर विचारलं होतंस ना. आणि पुढच्या वेळी माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल, तर आधी सोनाराला नाही सांगायचं."

"आधी तुला."

"आधी मला," श्रुती म्हणाली. "आणि आता घरी चल. आईशी माझं भांडण अर्धं राहिलंय, आणि मला भूक लागलीये."