पूर्तिपट्टा

पंधरा दिवसांची रजा संपवून डॉ. इलियास अत्तार सोमवारी दुपारी चारला पाच मिनिटं कमी असताना निद्रा-प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांची सहकारी डॉ. मृदुला हसबनीस चहात खारी बुडवून खात होती. इतकी टवटवीत ती वर्षभरात दिसली नव्हती.

"पट्टा चालला, इलियास!" ती म्हणाली. "झोप का लागत नाही? मेंदू अर्धवट कामं धरून बसतो. कुलूप लावून तीनदा मागे फिरतो नि ओढून पाहतो, त्यातली गत! काम संपलं की मेंदूत एक लहर उठते. आपला पट्टा तीच लहर कपाळातून आत सोडतो. आधी अडलेली कामं कागदावर लिहायची, एकेक वाचायचं, प्रत्येकाला लहर द्यायची. पाच मिनिटांत माणूस घोरायला लागतो."

"आणि उठल्यावर?"

"एकदम निवांत!"

अत्तारांनी फाइल उघडली. कालचे स्वयंसेवक घनश्याम पारखी, एका क्लोरीन कारखान्यातले देखभाल-प्रमुख. त्यांनी एकच काम लिहिलं होतं: 'तीन नंबर टाकीची झडप गेलीय. सोमवारी चारला टाकी भरायच्या आत बदलायची.' खाली जाग आल्यावरची नोंद होती: 'झडप? ती बदलली की!'

अत्तारांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "अगं, हा माणूस खाटेवरून हललाही नव्हता! काळजी म्हणजे आपला बिनपगारी राखणदार. आपण त्यालाच झोपवलं!"

"कळलंय रे मला. काल रात्री नोंद वाचली नि हादरलेच. रविवार, कारखाना बंद, पारखींचा फोन लागेना. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. पण आता कळवलंय मी कारखान्याला."

"कोणाला? काय म्हणाले ते?"

"कळवलंय म्हटलं ना!" मृदुलाने आणखी एक खारी चहात बुडवली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

अत्तारांनी पान उलटलं. आजची तारीख, पहाटे पाच. स्वयंसेवकाच्या जागी मृदुलाचंच नाव होतं आणि खाली तिच्या वळणदार अक्षरात एकच ओळ: 'कारखान्याला फोन करायचा.'

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती. अत्तारांनी कारखान्याचा नंबर फिरवला.

"उगाच घाबरतोस," मृदुला म्हणाली.

पलीकडे स्वतः पारखीच होते.

"पारखी, टाकी भरू नका! झडप बदललेली नाही!"

"बदलली की, साहेब," पारखी हसत म्हणाले. "आत्ताच भरायला घेतलीय."

मग ते खोकले. त्यांच्यामागे आणखी कोणीतरी खोकलं.