गाडी थंडच आण

गाडीला काहीच झालेलं नव्हतं, आणि पंचाईत नेमकी तीच होती.

डिझेलवरचा छोटा ट्रक. ओझी वाहून वाहून मागून बसलेला. नेहमीचं गॅरेज बंद दिसलं म्हणून ड्रायव्हरने शेजारच्या फाटकातून गाडी आत घातली. आत एका टेम्पोखालून दोन पाय बाहेर आले होते.

"मिस्त्री आहेत का?" त्याने पायांना विचारलं.

"बोला," पाय म्हणाले. आवाज बाईचा होता.

यावर बहुतेक पुरुष एकतर हसतात, नाहीतर 'मोठं कुणी आहे का घरात' म्हणून विचारतात. दोन्हींसाठी तिच्याकडे उत्तरं तयार असायची, आणि ती छापण्याजोगी नव्हती. हा मात्र उकिडवा बसला, मान वाकडी करून टेम्पोखाली डोकावला आणि म्हणाला, "सकाळी सेल्फ मारला की पांढरा धूर सोडते. मिसिंगही आहे, अडखळत चालते. नंतर ठीक होते."

ती बाहेर आली. गॅरेज तिच्या बाबांचं. ही त्यांची धाकटी मुलगी, आणि गावभर तिला धाकटीच म्हणत. समोर भांग पाडलेला, दाढी घोटलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उभा होता. ट्रक चालवणारा माणूस इतका स्वच्छ असतो का? तिने स्वतःचे काळे हात नकळत पाठीमागे नेले, आणि मग आपण हे का केलं म्हणून स्वतःवरच चिडली.

बॉनेटवर तळवा ठेवला. कढत. इंजिन चालू करून पाहिलं, तर एकसुरी, गुळगुळीत चाल. धुराचा पत्ता नाही.

"ही तर छान चालतेय."

"आता चालते. सकाळी बघायला हवी होती तुम्ही."

"मग सकाळी आणा. थंड. थंड म्हणजे थंडच आणा."

दुसऱ्या दिवशी तो सकाळी आला. बॉनेट कढत.

"अहो, घरापासून इथवर चालवत आणलीत, मग तापणारच ना! आज इथेच सोडून जा."

तो सोडून गेला. पुढच्या सकाळी तिने फाटक उघडलं तर पठ्ठ्या आधीच भिंतीवरून आत. इंजिन मजेत चाललेलं, काच पुसून लख्ख केलेली, आणि हा केबिनमध्ये भांग नीट करत बसलेला.

"तुम्हाला... त्रास नको म्हणून चालू करून ठेवली," तो म्हणाला.

तिने हातातला पाना बाकावर आपटला.

"तू गाढव आहेस का रे?"

त्याने कंगवा खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "मला 'तू' म्हणालात."

"म्हणणारच. उद्याही असंच केलंस तर याहून वाईट म्हणेन."

"म्हणा की," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

त्याच दुपारी बाबांनी निकाल दिला. बाबांचा निकाल ठरलेला असे: इंजिन उतरवा. धूर दिसो न दिसो, इंजिन उतरवा. ट्रक होता ड्रायव्हरच्या मामांचा. मामांनी फोनवरच सांगितलं, "इंजिन उतरवण्यापेक्षा भंगारात घालतो. उद्या दुपारी येऊन घेऊन जातो. भाच्याला बंदरावर पाठवतो, तिथे कंटेनर ओढायला माणसं हवीच आहेत."

बंदर म्हणजे दोन दिवसांची वाट. तिथे गेलेली माणसं सणावारीच दिसतात.

धाकटीला वाईट वाटलं असं लिहायला हरकत नाही, पण तिने ते मान्य केलं नसतं. एका चांगल्या इंजिनाचा फुकट जीव जातोय म्हणून डोकं फिरलं, असं तिने सांगितलं असतं. डोकं फिरलंच होतं. दुसरंही खोटं नव्हतं.

"किल्ली दे," ती त्याला म्हणाली.

"कशाला?"

"रात्री माझ्याकडे राहील. सकाळी मी म्हणेन तेव्हाच सेल्फ मारायचा. आणि भिंतीवरून आलास तर खाली ग्रीसचा डबा ठेवलेला असेल."

सकाळी धुकं होतं. ट्रक गारठून उभा. बॉनेटवर दव. तिने त्यावर हात ठेवला आणि बरं वाटलं. तो बाहेरच थांबला होता, फाटकाशी, भांग पाडलेलाच, पण चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"मार सेल्फ."

"धाकटे... ऐक ना. तू जरा आत जा. मी धूर बघतो आणि सांगतो."

"मार."

ट्रक कण्हला, खोकला, आणि चालू झाला. मागून पांढरा लोट निघाला आणि अंगण बुडालं. आख्खी गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरत होती. धुराला कच्च्या डिझेलचा वास होता, डोळे झोंबत होते. ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान खाली घालून बसला.

आणि धाकटी हसत होती. त्या लोटात उभी राहून, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

"हसतेस काय? लाज गेली माझी."

"अरे, हाच तर हवा होता! बंद करू नकोस."

चार सिलिंडर. तिने एकेका नोजलला डिझेल पुरवणारी नळी फडक्यात धरून जराशी ढिली केली. पहिली ढिली केली, इंजिन आणखी अडखळलं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसरी, तसंच. तिसरी ढिली केली... आणि काही फरकच नाही.

"हा झोपलाय. बाकीचे तिघं ओढतायत आणि हा नुसता बसून खातोय. तापलं की जागा होतो, म्हणून तुला नंतर गाडी ठीक वाटते."

इंजिन बंद करून तिने चारही हीटर प्लग, म्हणजे थंड सिलिंडरला सुरुवातीची ऊब देणाऱ्या दांड्या, काढून बॅटरीला लावून पाहिले. तीन लालबुंद झाले. तिसऱ्या सिलिंडरचा ढिम्म काळा.

"एवढ्याशा दांडीपायी भंगार?" तो म्हणाला.

"दांडीपायी नाही. तुझ्यापायी. रोज तापवून आणत होतास. का?"

तो कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"पहिल्या दिवशी तापलेली होती, तो योगायोग. नंतर मुद्दाम. खोकणारी, धूर ओकणारी गाडी तुझ्यासमोर उभी करायची? लोक गाडी बघून ड्रायव्हर ओळखतात. मी पहाटे उठून तापवायचो. दाढी करायचो. मग यायचो."

"दाढीपण गाडीसाठीच?"

"नाही," तो म्हणाला. "ती गाडीसाठी नव्हती."

धाकटीने नवा प्लग बसवला. गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात आवळला.

"हे बघ," ती इंजिनाकडे बघत म्हणाली, "तापवून आणलेली गाडी मला कळत नाही. माणूसही कळत नाही. सकाळी उठल्या उठल्या कसा असतोस?"

"चिडका. आईसुद्धा चहा देऊन लांब जाते."

"मग तो आण कधीतरी."

दुपारी मामा आले. ट्रक तोवर पुन्हा गार झाला होता. सेल्फ मारला, एका झटक्यात लागला, धुराची रेघसुद्धा नाही. मामांनी सायलेन्सरशी नाक नेऊन हुंगलं, बाबांकडे बघितलं. बाबांनी घसा खाकरला आणि सांगितलं, "माझ्या मुलीने शोधलं." भंगाराचं नाव परत निघालं नाही, बंदराचंही नाही. भाच्याने गाडी फाटकाबाहेर काढली आणि मागे वळून बघितलं नाही. तिनेही बघितलं नाही, असं ती म्हणते.

गाडी बरी झाली की ड्रायव्हर यायचं कारण संपतं. गॅरेजवाल्यांचं प्रेम असं कपाळकरंटं असतं: काम चोख केलं की माणूस जातो.

दुसऱ्या दिवशी धाकटी सकाळीच गिअरबॉक्स उघडून बसली होती, कोपरापर्यंत काळी. फाटक वाजलं. ट्रकचा आवाज आला नव्हता.

तो चालत आला होता. केस उभे, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, एका डोळ्यात झोप. कपाळाला आठी.

"गाडी कुठाय?"

"घरी. बरी आहे."

"मग तू कशाला आलास?"

"थंडच आलोय," तो गुरगुरला. "काय बिघडलंय ते बघ."

तिला हात लपवायचं सुचलंच नाही. काळ्या तळव्याने तिने त्याच्या कपाळावर तपासल्यासारखा हात ठेवला. आठीवर ग्रीसचा पंजा उमटला.

"वेळ लागेल," ती म्हणाली. "बस."

तो बाकावर बसला, कपाळ न पुसता.